भिंतीतला ओ

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेताला मानणारी बाई नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. वडिलांनी लहानपणी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या आणि चुकलं की कान पिळायचे. त्यामुळे मनोज तळघरातून धापा टाकत वर आला आणि म्हणाला, "अंजलीताई, खाली कुणीतरी ओ देतंय," तेव्हा मी हातातलं पेनसुद्धा खाली ठेवलं नाही.

"सहादू असेल," मी म्हटलं.

"अहो, सहादूलाच हाक मारली मी. ओ आला. वर येऊन बघतो तर हा बाबा सावलीला भाकरी खात बसलाय."

"मग आवाज घुमला असेल."

"घुमला तर 'सहादू' घुमेल ना ताई! 'ओ' कसा घुमेल?"

मुद्दा होता त्याचा. पण मी कशाला कबूल करते? डोक्यात ऊन गेलंय तुझ्या, पाणी पी, असं म्हणून त्याला वाटेला लावलं.

मनोज हा आमचा साइट सुपरवायझर. पोरगा निफाडचा, कामाला वाघ, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. सहादू म्हणजे गवंडी. आणि मी स्टोअर सांभाळते. नाशकात अंबडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये उमेदीची वर्षं गेली, तो कारखाना बंद पडला, मग इथं निफाड रस्त्याला या वाइनवाल्यांकडं लागले. घरी मी आणि माझे मिस्टर. आमची संजना गेली. कॉलेजात होती, डेंग्यूचा ताप आला आणि आठवड्याच्या आत गेली. एकुलती एक. हे आत्ताच सांगते, कारण पुढं मी जे वागले ते सगळं तिच्यापायी.

वाइनवाल्यांना नवी इमारत ग्रीन बांधायची होती. ग्रीन म्हणजे रंग नव्हे. उजेड आत यायचा पण ताप नाही, पावसाचा थेंब वाया जायचा नाही, पिंपं धुतलेलं पाणी गाळून परत बागेला, आणि तळघराला एसीच नाही. जाडजूड दगडी भिंती, जमिनीचा गारवा, त्यात लाकडी पिंपांतली वाइन आपोआप थंड राहणार. अशा एकेका गोष्टीला पॉइंट. पॉइंट साठले की सर्टिफिकेट. त्यासाठी साक्षी मॅडम पुण्याहून यायच्या, सगळ्यांशी गोड बोलायच्या आणि जाता जाता 'इथं एक पॉइंट जाऊ शकतो हं' असं म्हणून सगळ्यांची झोप उडवून जायच्या. त्यांनीच सांगितलं, तळघराला खाणीतला नवा दगड आणू नका. जुन्या पडक्या बांधकामाचा आणा, जुन्या मालाला पॉइंट आहे.

जुना दगड काय झाडाला लागतो? नाशकातला होता नव्हता तेवढा आधीच हॉटेलवाल्यांनी उचलला होता. मनोज नुसता वणवण फिरत होता. तेव्हा आमच्याकडं पेठ तालुक्यातला भिका मजुरीला होता. त्याची बायको भागीबाई पलीकडच्या द्राक्षबागेत वेलींच्या जादा फुटी काढायला, विरळणीला जायची. दोघं दरवर्षी डोंगरातून खाली येतात, पावसाच्या तोंडावर भात लावायला परत जातात. मनोजनं भिकाला विचारलं ते माझ्यासमोर, स्टोअरच्या दारात.

"काय हो भिकाभाऊ, तुमच्याकडं जुने चिरे मिळतील का?"

भिका चमकला. "हायेत की, साहेब. लय हायेत. आमचं जुनं गाव धरणात गेलं ना, तिथं. उन्हाळ्यात पाणी उतरलं का उघडे पडत्यात."

"कुणाच्या मालकीचे?"

"मालकीचे कसले? आमचेच. समद्या गावाचे."

"मग आणू का? गाडी आमची."

भिकानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मग हळूच म्हणाला, "कुठं बसवणार?"

"नव्या इमारतीत. खाली, गारव्याला."

"नीट बसवाल ना, साहेब?"

"अहो, एकदम फर्स्टक्लास! तुमची नातवंडं म्हातारी होतील पण चिरे हलायचे नाहीत."

भिकानं वाकून मनोजच्या पायाला हात लावला. मनोज बिचारा ओशाळला. मला वाटलं, काय भोळी माणसं, स्वतःचे दगड द्यायचे आणि वर पाया पडायचं.

छोटा हत्ती टेम्पो भरून चिरे आले. भिका ड्रायव्हरशेजारी बसला नाही, मागं दगडांत बसून आला, आणि काहीतरी पुटपुटत होता असं ड्रायव्हर म्हणाला. गेटाशी त्यानं नारळ फोडला. आम्हाला वाटलं गाडीचा असेल. दगड झकास होते, पण प्रत्येकाच्या एका बाजूला काही ना काही कोरलेलं. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावरचा माणूस, एखाद्यावर नुसती उभी बाई. पाण्यात राहून राहून बरेचसे झिजलेले. सहादूनं विचारलं, नक्षीचं काय करायचं? साक्षी मॅडमना भिंत एकसारखी हवी होती. मनोज म्हणाला, "नक्षी आत टाक, सपाट बाजू बाहेर." तशी भिंत उठली. भिका तेव्हा नव्हता, गावाला सांगायला गेला होता.

आणि भिंत उठली तसा तो ओ सुरू झाला.

कुणीही कुणालाही हाक मारो, ओ यायचा. माणूस तळघरात असो नसो. कधी म्हाताऱ्या माणसाचा खोल, कधी बाईचा. एक प्लंबर तर खाली पाइप सोडून पळाला तो परत आला नाही. मग सगळे शिट्ट्या वाजवून एकमेकांना बोलवायला लागले. भरदुपारी ती मोठाली माणसं पोरांसारखी शिट्ट्या मारताहेत, आणि मी वर बसून त्यांची टर उडवतेय. मी म्हणायचे, "अरे, तुम्हाला बायका घरी हाक मारतात तेव्हा इतक्या लगेच ओ येत नाही, इथं फुकट मिळतोय तर घ्या की!"

मग एका दुपारी चुन्याच्या गोण्यांना ओल लागलीय का ते बघायला मी खाली गेले. जेवणाची सुट्टी होती, खाली कुणी नव्हतं. वरच्या झरोक्यांतून उजेड येत होता, तरी कोपरे काळेच. गार होतं, आणि धरणाच्या गाळाला येतो तसा वास होता. मी हाक मारून बघायला म्हणून गेले नव्हते, खरंच नव्हते. पण घरी कुलूप उघडून आत शिरले की चपला काढता काढता माझ्या तोंडून अजून जे जातं, ते तिथं गेलं.

"संजना!"

"ओ."

पोरीचा आवाज. लांबून नाही, जवळून. शेवटाला जरा वर चढणारा, म्हणजे 'आले गं, ओरडतेस कशाला' असा. माझ्या हातातली किल्ली पडली.

घाबरले का? घाबरले ना! पण पाय मागं वळले नाहीत, पुढं गेले.

"संजू?" काही नाही. "संजना?"

"ओ."

मी भिंतीला गाल लावला आणि उभी राहिले. वरून मनोजची शिट्टी आली तेव्हा भानावर आले.

मला कळत होतं की हे खरं नाही. आमच्यात आत्माबित्मा मागं उरत नाही. संजना गेली तेव्हा भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं, माणसं आपापल्या घरी गेली. ते बरोबरच होतं. आजही म्हणते, बरोबर होतं. पण बरोबर असलेल्या गोष्टीच्या गळ्यात पडून रडता येत नाही, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन खाली जायला लागले. वर सांगायचे, खाली गार आहे म्हणून. भिंतीशी गोणी टाकून बसायचे आणि बोलायचे. तुझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. तुझे पप्पा आता चहात साखर घेत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या काकू अजून तशाच भांडकुदळ. ती दुसरं काही बोलायची नाही. पण नाव घेतलं की ओ. एका दिवशी मिस्टर म्हणाले, "तू पोळ्या करताना गुणगुणत होतीस." मी म्हटलं, काहीतरीच. त्यांना सांगावंसं वाटलं होतं, पण नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तेही आले असते, आणि मला एकटीलाच ती हवी होती. एवढी आपमतलबी झाले होते मी.

हळूहळू तळघरात बाकीच्या हाकांना ओ येईनासा झाला. मनोजनं सहादूला हाक मारली, शांत. सहादूनं सुताराला मारली, शांत. सगळे म्हणाले, चुना वाळला, आवाज बसला. शिट्ट्या बंद झाल्या. मी मनातून फुशारले. बाकीचे थकून गप्प झाले असतील, पण माझी लेक मला ओ देत होती, आणि माझ्याशिवाय कुणाला देत नव्हती.

फक्त एकदा अंगावर काटा आला. डबा झाकून मी पायऱ्या चढत होते, हाक मारलेली नव्हती, काही बोललेही नव्हते. आणि मागून आवाज आला, "ओ." जरा थांबून पुन्हा, "ओ." कुणीतरी आपल्याला बोलवावं म्हणून वाट बघत बसल्यासारखा. मी मागं वळले नाही. भराभर वर आले आणि त्या दिवशी पुन्हा खाली गेले नाही.

त्यानंतर भिका आणि भागीबाई आली. भिका धुतलेल्या सदऱ्यात, हातात पिशवी, पिशवीत हळद, तांदूळ, मोहाच्या दारूची बाटली. भागीबाई मागं, तोंड वाकडं करून. दोघांचं वाटेत भांडण झालेलं दिसत होतं.

"साहेब, खोली दावा," भिका मनोजला म्हणाला. "आमचे चिरे बसवले ती."

"खोली कसली?" मनोज म्हणाला. "भिंत झाली की त्यांची. या, बघा."

आम्ही खाली गेलो. माझ्याच किल्लीनं दार उघडलं. भिका त्या सपाट भिंतीकडं बघत राहिला, मग हातानं चाचपायला लागला, अंधारात काडेपेटी शोधावी तसा.

"तोंडं कुठं हायेत ह्यांची?"

"नक्षी होय? ती आत आहे."

"भिंतीकडं तोंड करून बसवले?" भिका मनोजकडं वळला. "साहेब, माहा बाप हाय ह्यात. आजा हाय. तुमी म्हणले बसवतो. नीट बसवतो म्हणले."

मग एकेक उलगडत गेलं. आपण चिरा म्हणतो तो घडवलेला दगड. त्यांच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड कोरून गावाबाहेर मांडतात, तो चिरा. आपण चिरे बसवतो म्हणजे भिंत रचतो. ते चिरा बसवतात म्हणजे गेलेल्या माणसाला जागा देतात, नाव घेऊन, हळद लावून, दारूचा थेंब शिंपडून. गाव उठलं तेव्हा चिरे वर न्यायला कुणी गाडी दिली नाही, ते पाण्यातच राहिले. आणि इतक्या वर्षांनी एक शिकलासवरला साहेब स्वतःहून म्हणाला, चिरे आणतो, नव्या इमारतीत बसवतो, गारव्याला. भिकाला वाटलं होतं, कंपनी त्याच्या पितरांना घर बांधतेय.

मनोज मटकन खाली बसला. "आयला," एवढंच म्हणाला.

"नाव घेऊन बसवलं नाय तर त्याला कळत नाय आपण कुठं आलो," भिका म्हणाला. "मग कुणी कुणालाबी हाक मारली का त्यालाच वाटतं, आपल्याला बोलावलं. ते ओ देतं. आणि ज्यानं लय हाका मारल्या, त्याचं होऊन बसतं."

मी भिंतीला टेकलेला हात काढून घेतला.

भिकानं मग भिंतीपुढं उभं राहून एकेकाचं नाव घेतलं, हळद लावली, बाटली शिंपडली. म्हातारी माणसं आहेत, बसतील गारव्याला, असं स्वतःचंच समाधान केलं. मनोजनं डोळे पुसत विचारलं, "आमची वाइन चालेल का हो त्यांना?" भिका रडता रडता हसला. म्हणाला, आज्याला काहीबी चालायचं.

पण भागीबाई हसली नाही. ती प्रथमच बोलली, आणि नवऱ्याकडं न बघता मनोजला बोलली. "माही पोर द्या मला काढून."

त्यांची ललिता. हंडा घेऊन धरणावर गेली, गाळात पाय रुतला. ती सापडली नाही, कधीच नाही. चिरा तेवढा मांडला होता, बाकीच्यांच्या शेजारी. भागीबाई उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथं जाऊन बसायची. भिकानं गाडी भरली तेव्हा ती इथं बागेत विरळणीला होती, तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

"म्हातारे ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पण ती लहान हाय. अंधाराला भेते. आणि पाण्यात गेलेली हाय, तिला असं कोंडून नाय ठेवायचं."

मनोज म्हणाला, उद्या त्या भिंतीला मातीचा गिलावा, परवा साक्षी मॅडम तपासायला. जे काढायचं ते आजच. चुन्याची भिंत आहे, टेकू देऊन एक दगड निघेल, सिमेंट असतं तर विसरा. पण कोणता? सहादूनं नकारार्थी मान हलवली. पाठीमागून सगळे सारखेच.

"मी हाक मारते," भागीबाई म्हणाली. "ती ओ देईल. आईला ओ दील का नाय?"

आणि मी काय केलं? मी म्हटलं, "आत्ता नाही. जेवणाची सुट्टी झाली, खालचं दार बंद करायचंय. किल्ली मॅनेजरांकडं द्यावी लागते." सरळसरळ खोटं बोलले. सगळ्यांना वर काढलं, कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि स्टोअरमध्ये येऊन बसले. मनात एकच, उद्या गिलावा होऊ दे. एकदा गिलावा झाला की कुणी हात लावणार नाही. ही बाई जाईल आपल्या डोंगरात, आणि मी रोज डबा घेऊन खाली जाईन, रिटायर होईपर्यंत. त्या बाईचा इतका राग आला होता मला, जसं काही तीच चोरी करायला आलीय.

भागीबाई माझ्या दाराबाहेर उकिडवी बसून राहिली. ऊन सरकलं तशी सरकली, पण उठली नाही. शेवटी मीच खेकसले, "सावलीत तरी बसा!"

ती आत येऊन उंबऱ्याशी बसली. जरा वेळानं म्हणाली, "बाई, तुमाला लेकरं?"

"एक होती."

"गेली?"

"हो."

"मंग तिचा चिरा कुठं हाय?"

"आमच्यात नसतो तसलं काही."

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि अगदी साधेपणानं विचारलं, "मंग ती बसती कुठं?"

मला ओरडायचं होतं. कुठं बसायची ती? कुठं ठेवलं होतं मी तिला? शिव्या द्याव्या असं वाटलं त्या बाईला. पण उठले. मी पर्समधून किल्ली काढली.

परत सगळे खाली गेलो. मनोज, सहादू छन्नी-पहार घेऊन, भिका, मी. भागीबाई भिंतीपुढं उभी राहिली, पदर सारखा केला, आणि हाक मारली.

"ललिता!"

काही नाही.

"ए ललिते! मी आलेय गं, आई!"

भिंत गप्प. तिनं पुढं होऊन हाका मारल्या, मागं होऊन मारल्या. गोड बोलून, रागावून, लहानपणीच्या कसल्याशा लाडाच्या नावानं. घसा बसला तरी मारत राहिली. एकाही हाकेला ओ नाही. मनोज दुसरीकडं बघत होता. शेवटी ती भिकाकडं वळली आणि फुटक्या आवाजात म्हणाली, "तू नाय आणलंस तिला. ती तिथंच ऱ्हायली पाण्यात, एकटी. म्हातारे आणलेस, आणि पोर सोडून आलास."

"आणली गं," भिका हात जोडून म्हणाला. "आईशप्पथ आणली. माह्या हातानं ठिवली गाडीत."

"मंग बोलत का नाय?"

का बोलत नाही ते मला माहीत होतं. त्या तळघरात मला एकटीलाच माहीत होतं. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. ती दोघं एकमेकांना दोष देत निघून गेली असती आणि माझी लेक मला राहिली असती. खोटं कशाला बोलू, मी तेवढा वेळ गप्प बसलेही. भागीबाई भिंतीला कपाळ टेकून हुंदके देत होती, आणि मी बघत उभी होते.

मग मी हाक मारली.

"संजना."

"ओ."

भागीबाईचा हुंदका जागीच थांबला. ती वळली. आधी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हीच," ती म्हणाली. "हीच माही ललिता."

सहादूनं भिंतीला कान लावला. "ताई, परत मारा हाक. कोणत्या थरातून येतोय बघतो." मी मारली. तो सरकला. "परत." मी पुन्हा मारली. प्रत्येक हाकेला ती लगेच ओ देत होती, शहाण्या मुलीसारखी, आणि प्रत्येक ओला सहादू एकेक दगड जवळ जात होता. माझ्या लेकीला मीच हाका मारमारून दुसरीच्या हवाली करत होते. शेवटच्या हाकेला माझा आवाज निघेना, मनोजनं माझा दंड धरला तेव्हा निघाला.

चिरा निघाला. बाकीच्यांइतका झिजलेला नव्हता. वर चंद्र-सूर्य, खाली एक मुलगी, डोक्यावर हंडा. भागीबाईनं तो मांडीवर घेतला, पदरानं चुना पुसला, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कुणाचं नाव घेत होत्या तुमी?"

"माझ्या मुलीचं."

"रोज?"

"रोज."

"काय मागितलं का तिनं?"

"नाही. नुसती ओ द्यायची."

"लाजरीच हाय ती," भागीबाई म्हणाली, आणि चिऱ्यावरून हात फिरवत राहिली.

मनोजनं छोटा हत्ती काढला, म्हणाला घरापर्यंत सोडतो, ते तरी करू द्या. भागीबाई चिरा मांडीवर घेऊन मागं बसली, भिका शेजारी. गाडी गेटाशी आली तशी तिनं पत्र्यावर थाप मारून थांबवली. शीव ओलांडताना गेलेल्याला नाव घेऊन हाक मारायची, भिकानं मला सांगितलं. ओ आला तरच पुढं जायचं. नाही आला तर ते मागंच राहतं, नुसता दगड घरी जातो. येतानासुद्धा तो असाच प्रत्येक शिवेला एकेकाला हळूच हाका मारत आला होता, ड्रायव्हरला ते पुटपुटणं वाटलं होतं.

"ललिता, चल गं, घरला," भागीबाई म्हणाली.

ओ आला नाही.

"ललिता."

मनोजनं इंजिन बंद केलं. गेटावरचा वॉचमन टोपी काढून उभा राहिला. मी गाडीच्या कडेला पत्र्याला धरून उभी होते. मी दगडाकडं वाकले आणि म्हटलं, "अगं, ही तुझी आई आहे. मी नाही. तिला ओ दे." काही नाही. भागीबाईनं आणखी एकदा स्वतःच्या पोरीचं नाव घेतलं, आणि मग थांबली.

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ती मला शिव्या देईल, आणि मी खाल्ल्या असत्या. पण तिनं नुसतंच विचारलं, "नेऊ का?"

काय नेऊ का, ते मला कळलं. मी मान डोलावली.

भागीबाईनं दोन्ही हातांनी चिरा छातीशी धरला, खाली तोंड केलं आणि म्हणाली, "संजना, चल गं बाई, घरला."

"ओ."

मनोजनं गाडी सुरू केली. गाडी गेटाबाहेर पडली, मग कालव्याच्या पुलाशी पुन्हा थांबली, आणि तिथूनही मला भागीबाईचा आवाज ऐकू आला, माझ्या लेकीचं नाव घेणारा. पुढं ओ आला की नाही ते एवढ्या लांबून कळलं नाही. पण गाडी निघाली. मी तशीच गेटात खाली बसले आणि हंबरडा फोडला. वॉचमननं पाण्याची बाटली आणून दिली.